दोष कुणाच्या हातांचा?

(तृतीय वर्ष, कला)

गाडी कशी आहे हे गाडीच्या मालकाला विचारू नये, असे जाणती माणसे सांगतात. ज्याने पदरचे पैसे मोजले तो एक तर आपला निर्णय किती शहाणपणाचा होता हे पटवण्यासाठी गाडीचे गोडवे गातो, नाही तर आपण फसलो म्हणून बोटे मोडतो. दोन्ही वेळा आपल्या कानी पडते ते मालकाच्या मनाचे वर्णन. गाडी बाजूलाच राहते. कवीला त्याच्याच कवितेविषयी विचारू नये, त्यातलाच हा प्रकार!

मला हे म्हणणे पटत नाही. उन्हापावसात गाडीबरोबर राहतो तो मालक. बिजागरी कधी कुरकुरली, पावसाचे पाणी कुठून आत आले, कोणत्या थंड सकाळी इंजिनाने हाक ऐकली नाही, हे त्याच्याइतके कुणाला माहीत असणार? तेव्हा मालकाची साक्ष काढलीच पाहिजे. फक्त एक पथ्य पाळावे. काय मोडले हे मालकाला नक्की ठाऊक असते. ते का मोडले आणि कुणामुळे मोडले, हेही ठाऊक असतेच असे नाही. परंतु माणसाचा स्वभाव असा, की पहिली गोष्ट सांगता सांगता तो दुसरीचाही निकाल देऊन टाकतो. साक्षीदारच न्यायाधीश होतो! हा निकाल बहुधा ज्याच्यावर कोसळतो तो माणूस न्यायालयात हजरच नसतो. त्या गैरहजर माणसाची बाजू मांडण्यासाठी हा लेख आहे आणि त्यासाठी मी एका स्पोर्ट्‌स कारचा दाखला घेणार आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. मला मोटार चालवता येत नाही, हेही आधीच कबूल करतो. या गाडीची आणि माझी ओळख पडद्यावर झाली. वसतिगृहात एका रविवारी आम्ही सात-आठ जण एका मित्राच्या खोलीत दाटीवाटीने बसून १९८५ सालचा ‘बॅक टू द फ्यूचर’ हा अमेरिकन चित्रपट पाहत होतो. त्यात काळाच्या मागेपुढे धावणारी एक गाडी आहे. तिची दारे पक्ष्याच्या पंखांसारखी वर उघडतात आणि तिच्या अंगावर रंगाचा एक थेंबही नाही. सारे अंग नुसत्या स्टेनलेस स्टीलचे. ऐन आणीबाणीच्या क्षणी ती चालूच होत नाही आणि नायक हताश होऊन डोके आपटतो, तेव्हा आम्ही सारे खो-खो हसलो. पुढे समजले, की ही गाडी कल्पनेतली नसून खरीखुरी बाजारात आलेली होती, आणि ज्यांनी ती विकत घेतली त्यांना त्या प्रसंगाचे फारसे हसू आले नसावे!

त्या गाडीचे नाव डीलोरियन. हे तिच्या जनकाचे आडनाव. जॉन डीलोरियन हे अमेरिकेच्या जनरल मोटर्स या अवाढव्य कंपनीतले बडे अधिकारी. १९७३ साली त्यांनी ती नोकरी सोडली आणि १९७५ साली स्वतःची कंपनी काढली. त्यांचे स्वप्न मोठे होते. वर्षानुवर्षे टिकेल, गंजणार नाही, सुरक्षित असेल आणि रस्त्यावर उठून दिसेल, अशी स्पोर्ट्‌स कार त्यांना हवी होती. बाह्यरूप रेखाटले जॉर्जेतो जुजारो या ख्यातनाम इटालियन शिल्पकाराने. मोटारींच्या दुनियेतला तो शिल्पकारच. आतली यांत्रिक मांडणी इंग्लंडच्या लोटस कंपनीने नव्याने करून दिली. इंजिन फ्रेंच आणि स्वीडिश कंपन्यांच्या भागीदारीतून तयार होणारे, सहा सिलिंडरांचे, २.८५ लिटरचे. कारखाना मात्र उभा राहिला तो उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहराच्या कडेला, डनमरी येथे. तो तिथेच का, याचे उत्तर पुढच्या साऱ्या कथेची किल्ली आहे.

१९७८ सालचे बेलफास्ट म्हणजे दुभंगलेले शहर. कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधून विस्तव जात नव्हता. बाँबस्फोट, गोळीबार आणि रस्त्यावर लष्कर, हा रोजचा दिनक्रम. पश्चिम बेलफास्टमध्ये बेकारी इतकी, की ज्यांच्या वडिलांनीही कधी पगाराचे पाकीट पाहिले नाही अशी तरुण मुले नाक्यानाक्यावर उभी. हाताला काम मिळाले तर हातातला दगड सुटेल, या हिशेबाने ब्रिटिश सरकारने डीलोरियन यांच्यापुढे थैली मोकळी केली. सर्व मिळून ७ कोटी पौंडांहून अधिक सार्वजनिक पैसा या उद्योगात गेला. कारखान्याची जागा दोन वस्त्यांच्या मधोमध निवडली गेली. एका बाजूला कॅथॉलिकांची ट्विनब्रूक वसाहत, दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंटांची सीमोर हिल. दोन्हींकडून येण्यासाठी वेगवेगळी दोन प्रवेशद्वारे. कामगार दोन दारांनी आत शिरत आणि आत गेल्यावर एकाच गाडीला हात लावत.

ऑक्टोबर १९७८ मध्ये त्या दलदलीच्या कुरणावर बांधकाम सुरू झाले आणि जानेवारी १९८१ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. मधे अवघी सव्वादोन वर्षे गेली. तेवढ्यात कारखाना बांधायचा, गाडीची आखणी पुरी करायची आणि ज्यांनी जन्मात मोटार जोडली नाही अशा माणसांना मोटार जोडायला शिकवायचे! नुसती नवी गाडी आखायची म्हटली, तर चांगल्या मुरलेल्या कंपनीलाही त्या काळी याहून अधिक वर्षे लागत. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. आपल्याकडे घर बांधणाऱ्याला पाया भिजत घालण्याची घाई नसते. इथे पाया, भिंती आणि गवंडी, सारे एकाच वेळी तयार होत होते.

गाड्या अमेरिकेत विकायच्या होत्या. किंमत सुमारे २५,००० डॉलर. त्याच वर्षी अमेरिकेची आवडती स्पोर्ट्‌स कार कॉर्व्हेट १६,००० डॉलरच्या घरात मिळत होती, यावरून डीलोरियनच्या मालकाने किती मोजले याचा अंदाज येईल. एवढे मोजून त्याला मिळाले काय? त्याच्या तक्रारींची यादीच आता पाहू.

पहिली तक्रार दारांची. पंखासारखे दार दिसायला देखणे, उघडायला बाजूला अकराएक इंच जागा असली तरी पुरे. पण ते नीट बसत नसे. रबरी पट्ट्यांमधून पाणी आत येई. कुलपाची विद्युत यंत्रणा रुसली, की आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर. दुसरी तक्रार विजेची. दिवे, पंखे आणि वातानुकूलन एकदम चालू केले, तर वीज तयार करणारा अल्टरनेटर पुरा पडत नसे आणि बॅटरी मान टाकी. तिसरी वेगदर्शकाची. पुढच्या चाकावरून त्याला गती देणारा लहानसा दुवा वारंवार तुटे आणि काटा शून्यावर झोपे. चौथी गाडीच्या नाकाची. पुढची बाजू उगाच उंच, हरणाने कान टवकारावेत तशी. पाचवी अंगाची. स्टीलवर बोटांचे ठसे उमटत आणि शेजारच्या दोन पत्र्यांमधली फट कुठे बोटभर, कुठे केसाएवढी. सहावी वेगाची. १३० अश्वशक्तीच्या इंजिनाला थांबलेल्या स्थितीतून ताशी ६० मैलांचा वेग गाठायला दहा सेकंदांहून अधिक लागत. स्पोर्ट्‌स कार म्हणवणाऱ्या गाडीला हे शोभणारे नव्हते.

कंपनीलाही हे ठाऊक होते. म्हणून तर अमेरिकेच्या बंदरावर उतरलेल्या गाड्या थेट विक्रेत्याकडे न जाता आधी कंपनीने तिथे उघडलेल्या तपासणी केंद्रांत जात. तिथे दारे पुन्हा बसवली जात, फटी सारख्या केल्या जात, मगच गाडी गिऱ्हाइकापुढे येई. म्हणजे गाडीची जोडणी एकदा बेलफास्टला आणि दुसऱ्यांदा अमेरिकेत! याच बेलफास्टच्या गोदीत ‘टायटॅनिक’ बांधली गेली होती. ‘इथून निघाली तेव्हा ती धडधाकट होती,’ असे तिच्याविषयी तिथले लोक अजूनही मिस्किलपणे म्हणतात. डीलोरियनच्या सुरुवातीच्या गाड्यांविषयी मात्र त्यांना तेवढेही म्हणता आले नाही.

मग निकाल लागायला कितीसा वेळ? बांधणी वाईट, म्हणजे बांधणारे वाईट. बेलफास्टच्या बेकार पोरांना मोटार काय कळणार, ज्यांना दगड फेकता येतो त्यांना नट आवळता येत नाही, हा सूर पुष्कळांनी लावला. ऐकायला तो इतका सरळ वाटतो, की खरे सांगायचे तर पहिल्यांदा वाचताना मीही मान डोलावली होती.

ती मान थांबली ती घरच्या एका आठवणीने. माझे वडील लोखंडी कपाटे बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात फिटर आहेत. मी दहावीत असताना एक गिऱ्हाईक आमच्या घरापर्यंत आले. नव्या कपाटाचे दार लागत नव्हते. “मिस्त्री, काय हे काम! हात चालतात का पाय?” असे ते गृहस्थ आमच्या अंगणात, माझ्या देखत, वडिलांना म्हणाले. वडील काही बोलले नाहीत. रविवारी सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन बिजागरी ठोकून आले. पुढे कधीतरी कळले, की त्या महिन्यात शेठने पत्रा नेहमीपेक्षा पातळ आणला होता आणि दिवाळीच्या मागणीपायी रोजच्या कपाटांची संख्या वाढवली होती. पातळ पत्र्याचे दार उचलताना मुरगळते, मग बिजागरीला कितीही देव मानले तरी ते सरळ बसत नाही. मी चिडून विचारले, “बाबा, तुम्ही त्यांना हे सांगितलं का नाही?” वडील म्हणाले, “गिऱ्हाइकापुढं शेठचं नाव काढायचं नसतं रे.” बस्स, एवढेच.

गिऱ्हाईक खोटे बोलत होते का? मुळीच नाही. दार खरोखरच लागत नव्हते. त्यांची तक्रार शंभर टक्के खरी आणि त्यांचा निकाल शंभर टक्के चुकीचा होता. म्हणून डीलोरियनच्या मालकांची यादी मी पुन्हा हाती घेतली आणि प्रत्येक तक्रारीपुढे एकच प्रश्न लिहिला: हे कुणाच्या हातचे?

अल्टरनेटर कमी ताकदीचा निवडला तो आखणी करणाऱ्यांनी. डनमरीच्या कामगाराने तो कितीही चोख बसवला असता तरी बॅटरीने मान टाकलीच असती. पुढे कंपनीने अधिक ताकदीचा अल्टरनेटर घातला आणि तक्रार कमी झाली. कामगार तेच होते. वेगदर्शकाचा दुवा नाजूक, हीसुद्धा आखणीचीच देणगी. नाक उंच झाले ते दिवे आणि बंपर जमिनीपासून किती उंचीवर असावेत याविषयीच्या अमेरिकन नियमांमुळे. आज कित्येक मालक पुढच्या स्प्रिंगा बदलून नाक खाली आणतात आणि गाडी जुजारोने रेखाटली होती तशी दिसू लागते. वेगदर्शकावर ८५ मैलांपुढे आकडेच नाहीत, तेही त्या काळच्या अमेरिकन कायद्याने. चित्रपटातल्या गाडीला ८८ मैलांचा वेग गाठायचा होता, म्हणून तिच्यात मुद्दाम वेगळा वेगदर्शक बसवावा लागला! इंजिन कमजोर निघाले, कारण प्रदूषणाच्या नियमांनी त्याचा श्वास आवळला होता. सहांपैकी एवढ्या तक्रारी तर कामगाराच्या हातापर्यंत पोचतच नाहीत.

उरली दारे आणि फटी. इथे हातांचा संबंध येतो, हे मान्य केले पाहिजे. पण दार म्हणजे काय प्रकरण होते ते पाहा. छतातून वर उघडणारे जड दार तोलून धरण्यासाठी विमाने बनवणाऱ्या ग्रुमन कंपनीने पोलादी दांड्या तयार केल्या होत्या. द्रव नायट्रोजनच्या भयंकर थंडीत गारठवून त्यांना पीळ दिला जाई. विमान बनवणाऱ्यांनाच झेपेल असा दारातला हा भाग. आणि ते दार नेमके जुळवायचे ते काल-परवा कामाला लागलेल्या पोराने, ठरलेल्या मिनिटांत.

फटींची गोष्ट मला माझ्या वडिलांनी समजावली. सुट्टीत घरी गेलो असता मोबाइलवर त्यांना डीलोरियनचे चित्र दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, “याला रंग नाही? मग लांबी कुठं भरायची?” ज्यांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पत्र्यावरचे खड्डे, सांधे आणि चुका झाकण्यासाठी रंगाआधी जो लगदा भरून घासतात, त्याला ‘लांबी’ म्हणतात. जगातल्या बहुतेक मोटारींच्या देखणेपणात रंगाचा आणि त्याखालच्या भरावाचा मोठा वाटा असतो. डीलोरियनला ती सोय नव्हती. तिचे अंग ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे. आपल्या स्वयंपाकघरातली चांगली भांडी याच जातीच्या स्टीलची असतात. त्यावर एकदा ओरखडा उठला की उठला. मालक अजूनही भांडी घासायच्या काथ्यासारख्या खरखरीत पॅडने, रेषांच्याच दिशेने, हलक्या हाताने ते घासत बसतात. जिथे मुरलेल्या कारागिरांनाही थोडी लपवाछपवी करायची मुभा असते, तिथे या नवशिक्यांना प्रत्येक चूक उघड्या अंगाने जगापुढे ठेवावी लागली. रंग नसलेली गाडी काढण्याची कल्पना ज्याची, त्याचे कौतुक झाले. तिची किंमत चुकवली दुसऱ्यांनी.

त्यातून दिवस कसले होते तेही आठवावे. ५ मे १९८१ रोजी उपोषण करणारा बॉबी सँड्‌स तुरुंगात मरण पावला. त्याचे कुटुंब ट्विनब्रूकमध्येच राहत होते, कारखान्याच्या अगदी कुंपणाला लागून. शहर पेटले. कारखान्याच्या आवारावरही पेट्रोल-बाँब पडले आणि काही कचेऱ्या जळाल्या. बाहेर दोन्ही वस्त्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या असताना आत दोन्हींची मुले एका पट्ट्यावर उभी राहून एकच दार बसवत होती. ते दार अर्धा इंच वाकडे बसले असेल. पण ते बसले, हे मला काही लहान वाटत नाही.

आता विरुद्ध बाजूही ऐकली पाहिजे. नाही तर मीही त्या गिऱ्हाइकासारखाच साक्षीदार आणि न्यायाधीश दोन्ही होऊन बसेन. कुणी म्हणेल, बेलफास्टची दुःखे खरी, पण गिऱ्हाइकाने त्यांचा भार का वाहावा? त्याने २५,००० डॉलर गाडीसाठी दिले होते, समाजकार्यासाठी नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. पावसात भिजलेल्या मालकाला दुभंगलेल्या शहराचा इतिहास सांगणे ही थट्टाच ठरेल. त्याचा राग योग्य आहे आणि त्याला भरपाई मिळालीच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की रागाचा पत्ता बरोबर असावा. शिकायला पुरेसा वेळ न मिळालेल्या माणसाला पट्ट्यावर उभे कुणी केले, हे विचारल्याखेरीज तो पत्ता सापडत नाही.

दुसरे कुणी म्हणेल, कारागीर कच्चे नव्हते याला पुरावा काय? पुरावा असा, की ते सुधारले. १९८२ च्या गाड्या १९८१ च्या पहिल्या गाड्यांहून पुष्कळ चांगल्या होत्या, असेच जाणकार सांगतात. सुरुवातीचे बहुतेक दोष तोवर दूर झाले होते. हात तेच, वस्ती तीच, मधे गेले ते फक्त काही महिने. जो हात जन्मतःच नालायक असतो, तो वर्षभरात लायक होत नाही. त्याला हवा होता तो वेळ आणि नेमका तोच त्याला मिळाला नाही. १९८१ च्या अखेरीस उत्पादन दुप्पट करून दिवसाला ८० गाड्यांपर्यंत नेण्याचा हुकूम सुटला. इकडे अमेरिकेत मंदी, गाड्या पडून राहू लागल्या. जानेवारी १९८२ मध्ये हजारावर कामगारांना घरी बसवले. फेब्रुवारीत कंपनी सरकारी नियंत्रकांच्या हाती गेली. १९ ऑक्टोबर १९८२ रोजी खुद्द डीलोरियन यांना अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. १९८४ साली ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले, पण तोवर कारखाना संपला होता. सुमारे ९,००० गाड्या बनल्या आणि अडीच हजारांच्या आसपास माणसे पुन्हा नाक्यावर येऊन उभी राहिली.

आणि आता या कथेचा तिसरा अंक. आज, चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, डीलोरियनच्या मालकांना विचारा. साडेसहा हजारांच्या आसपास गाड्या अजून शिल्लक असाव्यात, असा त्यांचाच अंदाज आहे. त्यांचे मेळावे भरतात. या शतकात असे मेळावे बेलफास्टलाही भरले आणि गाड्या घेऊन मालक त्या जुन्या कारखान्याच्या आवारापर्यंत जाऊन आले. एका ब्रिटिश मेकॅनिकने १९९५ साली टेक्सासमध्ये त्याच नावाची नवी कंपनी काढली, जुन्या कंपनीचा सुट्या भागांचा साठा पुढे तिच्याकडे आला आणि त्यावर कित्येक गाड्यांचे आयुष्य वाढले. आजचा मालक म्हणतो, ‘गाडी भक्कम आहे, फक्त तिला समजून घ्यावे लागते.’ मग खरे कुणाचे? १९८१ च्या मालकाचे की आजच्या?

इथे सावध राहिले पाहिजे. आजच्या मालकाची स्तुती जशीच्या तशी घेतली, तर आपणही फसू. ज्यांना वैताग आला त्यांनी गाड्या केव्हाच विकल्या. उरले ते प्रेमात पडलेले. शिवाय त्यांच्या गाडीतला अल्टरनेटर नवा, स्प्रिंगा नव्या, दारांच्या पट्ट्या नव्या. त्यांची स्तुती पुष्कळशी दुरुस्तीची स्तुती आहे. आणि खोदून विचारले, तर तेही एक गोष्ट सांगतात. बाहेरचे स्टील गंजत नाही. पण खालचा सांगाडा साध्या पोलादाचा आहे आणि त्यावर दिलेला लेप जिथे तडकतो, तिथे आतून गंज धरतो. चकाकत्या अंगाखाली गंजणारा सांगाडा! कंपनीच्या साऱ्या इतिहासाचे सार या एका तक्रारीत आले आहे. आणि तो लेप ठरवणारा कोण, हेही आता वेगळे सांगायला नको.

म्हणून मला वाटते, दोन्ही काळांतल्या मालकांचे ऐकावे, पण दोघांच्याही शब्दांतून फक्त वस्तुस्थिती घ्यावी. दार लागत नव्हते, हे खरे. दार आता लागते, हेही खरे. या दोन खऱ्या गोष्टींच्या मधे कुणाचे तरी हात होते आणि त्या हातांना आधी वेळ दिला नव्हता, नंतर कुणीतरी तो दिला.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. लग्नात आलेल्या डब्यावर मामाचे नाव असते, तारीख असते. देणाऱ्याचे नाव असते. घडवणाऱ्याचे कधीच नसते. डीलोरियनच्या पाठीवरही एक नाव आहे, मागच्या बंपरवर ठळक अक्षरांत उमटवलेले. ते भांडवल गोळा करणाऱ्याचे. गाडीचे कौतुक झाले ते त्या नावाने आणि निंदा झाली तेव्हा मात्र लोकांना बेलफास्टचे अडीच हजार निनावी हात आठवले. यश मालकी हक्काने एकाच्या नावावर चढते आणि अपयश वाटून देताना मात्र कामगारांची आठवण होते, ही वाटणी मला मान्य नाही.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. उद्या आपल्यापैकी कुणी शिक्षक होईल, कुणी पत्रकार, कुणी कचेरीत टेबलामागे बसेल. बहुतेक जण बनवणाऱ्यांपेक्षा वापरणाऱ्यांच्या बाजूला असू. नवे कपाट घेऊ, घर घेऊ, जमल्यास गाडीही घेऊ. कधीतरी एखादे दार लागणार नाही. त्या दिवशी जरूर तक्रार करावी, ठणकावून करावी. तो आपला हक्क आहे. फक्त समोर मान खाली घालून उभ्या असलेल्या मिस्त्रीला बोल लावण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: हा नकाशा कुणाचा, आणि हे काम किती दिवसांत करायला सांगितले होते?

त्याने उत्तर दिले नाही, तरी रागावू नये. शेठचे नाव काढायचे नसते, असे त्याने कदाचित ठरवलेले असेल. अशा वेळी ते उत्तर आपणच शोधून काढायचे असते.